करंट कुठल्या बाजूनं येतो

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उज्ज्वला ऐवळेनं माग गल्लीच्या डीपीतले तिन्ही फ्यूज उपसले आणि पँटच्या खिशात टाकले. विचारबिचार काही केला नाही. विट्यात त्या दिवशी चव्वेचाळीस अंश ऊन होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीवाल्याचा फोन आला होता की सुताच्या गाठोड्यांनी भरलेल्या ट्रकनं तार तोडली आहे, ती रस्त्यावर लोंबते आहे आणि दळणाला आलेल्या बायका ती बघायला पुढं पुढं सरकत आहेत. अशा वेळी वायरमन आधी फ्यूज काढतो आणि मग श्वास घेतो.

फ्यूज खिशात टाकायची पद्धत जुनी. डीपीपाशी ठेवलेला फ्यूज कुणीतरी शहाणा येऊन परत बसवतो आणि खांबावरचा माणूस जातो, हे प्रत्येक वायरमननं कधी ना कधी जवळून पाहिलेलं असतं. म्हणून एकानं खांबावर चढायचं, दुसऱ्यानं खिशात फ्यूज घेऊन डीपीपाशी पहारा द्यायचा. उज्ज्वला आणि सिकंदर मुलाणी अठरा वर्षं असंच काम करत आले होते. तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बोलायला चेष्टेखोर, कामाला चोख. त्यानं शिडी मोटरसायकलला बांधली आणि तो पाऊण किलोमीटरवरच्या त्या तुटक्या तारेकडं निघून गेला.

तो गेल्यावर उज्ज्वलानं कंपनीच्या फोनवर तारेवर काम करायचं परमिट मागितलं. पडद्यावर गल्लीतल्या एकेचाळीस घरांच्या एकेचाळीस पेट्या उमटल्या आणि बघता बघता सगळ्या हिरव्या झाल्या. तिनं सिकंदरला फोन लावला.

"भाई, सगळं हिरवं हाय. चढा तुमी."

"चढतो. तू सावलीला बस, ताई. न्हाईतर तुलाच उचलून न्यायची पाळी यायची माज्यावर," असं म्हणून त्यानं फोन मोटरसायकलच्या पिशवीत टाकला. खांबावर फोन न्यायचा नाही, हीही जुनीच पद्धत.

या पेट्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. वीज खुल्या व्यापाराचा कायदा येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कायद्याचा गाभा साधा होता. तार वेगळी आणि वीज वेगळी. तारा ज्या कंपनीच्या, तिनं वीज विकायची नाही. वीज जो विकेल, त्याची तार नाही. विट्याच्या तारा दक्षिण तारवाहिनी नावाच्या कंपनीकडं होत्या आणि उज्ज्वला तिची नोकर होती. वीज मात्र कुणीही विकावी. ज्याच्या छपरावर सौर तावदानं आणि मागच्या खोलीत बॅटरी, तो व्यापारी. हा व्यापार दर पाच मिनिटांनी करणारी एक पेटी मीटरशेजारी बसवलेली असायची. तिला सरकारी नाव लांबलचक होतं; लोकांनी बाजार समितीतल्या दलालावरून तिचं नाव ठेवलं 'अडत्या'. भाव चढला की अडत्या बॅटरीतली वीज विकणार, उतरला की घेऊन ठेवणार.

आता यातली खरी गंमत बॅटरीच्या यंत्रात होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पूर्वीची घरगुती यंत्रं भजनातल्या टाळकऱ्यांसारखी होती. मृदंग वाजतोय तोवर त्यांचे टाळ. मुख्य लाइनचा ठेका थांबला की तीही गप्प बसत. म्हणून लाईट गेली की तार मेली, असं निश्चिंतपणे म्हणता यायचं. नवी यंत्रं स्वतःच ठेका धरू शकत होती. मुख्य लाइन गेली तरी एखादी गल्ली आपापसांत वीज देत-घेत चालू राहू शकत होती. याला कायद्यात 'बेट' म्हणत. पंधरा मिनिटं लाईट नसेल, तर गल्लीनं निवडलेला कारभारी बेटाची घोषणा करायचा. पुढच्या दहा मिनिटांत कुणाची हरकत आली नाही, की बेट सुरू.

माग गल्लीचा कारभारी होता तानाजी ऐवळे, उज्ज्वलाचा नवरा.

तानाजीचे कापडाचे आठ यंत्रमाग होते आणि बॅटरीचं वेड होतं. आपली गल्ली एक दिवस कुणाच्या उपकाराशिवाय चालून दाखवेल, हे तो वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होता. फक्त बायकोला ऐकवत नव्हता, कारण व्यापाऱ्यानं तारवाल्याशी विजेचं बोलणंच बेकायदेशीर होतं. तारवाल्यांनी कुठल्याही व्यापाऱ्याला तार कुठं तुटली, किती वेळ लागेल, कोण दुरुस्त करतंय, यातलं अक्षर सांगायचं नाही, असा नियम होता. तो चुकीचाही म्हणता येत नाही. लाईट कधी जाणार हे ज्याला आधी कळलं, तो बॅटरी भरून बसणार आणि गल्लीला लुबाडणार. त्यामुळं तारवाल्यानं तोंड उघडणं म्हणजे परीक्षेचा पेपर फोडणं. तारवाहिनीतले लोक या नियमाला 'पडदा' म्हणत. तो पडदा ऐवळ्यांच्या स्वयंपाकघरातून गेला होता. जेवताना दोघं मुलीच्या कॉलेजाबद्दल, शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल, अगदीच काही नसलं तर भाजीतल्या मिठाबद्दल बोलत. मागच्या उन्हाळ्यात लाईट गेलेली असताना तानाजीनं तिला फोन केला होता, "डबा ऱ्हायलाय तुजा." चौदा सेकंद. तेवढ्यावर उज्ज्वला निलंबित होऊन तीन महिने घरी बसली होती. त्या दिवसापासून नवरा-बायकोनं ठरवलं: लाईट नसताना एकमेकांचा फोन उचलायचा नाही, काही झालं तरी.

दोन पंचविसाला उज्ज्वलाचा स्वतःचा फोन खिशात थरथरला. घराचा अडत्या तिच्याही नावावर होता, त्यामुळं निरोप तिलाही आला. 'माग गल्ली बेट. घोषणा: तानाजी ऐवळे. सुरुवात २:३५.'

पहिल्यांदा तिला रागच आला. मग वाटलं, करू दे. परमिट आहे, पेट्या हिरव्या आहेत, बेट काही सुरू होणार नाही. परमिट दिलं की तारवाहिनीकडून सगळ्या पेट्यांना 'थांबा' असा हुकूम जायचा. फोनवरचा निरोप कुणीही बनावट पाठवू शकतो म्हणून हा हुकूम फक्त तारेतूनच जायचा. डीपीतून निघायचा आणि तारेवरून घरोघर पोचायचा.

फक्त तारेतून.

तिनं खिशातले फ्यूज चाचपले. परमिट मागायच्या आधीच तिनं ते काढले होते. हुकूम निघाला असेल तो डीपीपर्यंत आला असेल आणि तिथंच अडला असेल. शिवाय पुढं तार तुटलेली. मग पेट्या हिरव्या कशा?

तिनं कंपनीचा फोन काढून डोळ्यांजवळ धरला. उन्हात नीट दिसत नव्हतं. ओंजळीची सावली केली, तेव्हा दिसलं. हिरवा रंग होता, पण पोपटी, फिकट. सांगलीच्या प्रशिक्षणातल्या त्या पोरगेल्या साहेबाचं बोलणं तिला आठवलं. दाट हिरवा म्हणजे पेटीनं 'थांबले' असं उत्तर दिलं. फिकट हिरवा म्हणजे उत्तरच आलं नाही; म्हणजे पेटीत वीज नाही; म्हणजे सुरक्षित समजावं. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आधी परमिट, मग फ्यूज. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

एकाही पेटीला 'थांबा' कळलेलं नव्हतं. एकेचाळीस बॅटऱ्या टपून बसल्या होत्या.

आणि सिकंदर तारेत आलेला करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची साखळी कुठं अडकवणार, हे तिला न बघता माहीत होतं. डीपीच्या बाजूला. त्यानं आणि तिनं आयुष्यभर तिकडंच अडकवली होती, कारण करंट डीपीकडूनच येतो. पण तार मधोमध तुटली होती. गल्लीकडचं जे टोक तो आता हातात धरून बांधत असेल, त्याला अर्थिंग नव्हतं. बांधताना तो हातमोजे काढायचा. मोजे घालून गाठ बसत नाही म्हणायचा.

दोन अठ्ठावीस. तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"माझा माणूस पोलवर आहे. गल्लीत बेट सुरू होतंय दोन पस्तीसला. थांबवा ते."

"मॅडम, मला इथं एकेचाळीस पैकी एकेचाळीस ग्रीन दिसतंय."

"फिकट आहे ते, साहेब. नीट बघा."

"फिकट पण ग्रीनमध्येच येतं, मॅडम. आणि व्यापाऱ्यांशी आपल्याला बोलता येत नाही. लेखी विनंती टाका, वीजबाजाराच्या पंच कार्यालयाकडून चाळीस मिनिटांत उत्तर येतं."

तिनं फोन कापला आणि तानाजीला लावला. घंटा वाजली. वाजत राहिली. मग त्यानं कापला. तिनं पुन्हा लावला. या वेळी पहिल्या घंटेलाच कापला. तिला तो डोळ्यांपुढं दिसला, फोन बाजूला सारून ओठ घट्ट मिटून बसलेला, बायकोची नोकरी जपत. असा नवरा मिळाल्याबद्दल गल्लीतल्या बायका तिचा हेवा करत. त्या क्षणी तिला त्याच्या या शहाणपणाची चीड आली.

ती पळायला लागली. पळता पळता स्वतःच्या फोनवर घरचा अडत्या उघडला. ड्यूटीवर तो उघडणंच गुन्हा होता. खाली एक बटण होतं, 'हरकत'. कारण विचारलं: आवाज, भाव, घरगुती, इतर. तिनं 'इतर' निवडलं आणि अडखळत्या अंगठ्यानं लिहिलं, 'भाई खांबावर हायत.' अडत्यानं उत्तर दिलं, 'नोंद झाली. बाजारावर परिणाम होऊ नये म्हणून मजकूर २:३५ नंतर सर्वांना दिसेल.'

म्हणजे तानाजीला काय दिसणार? हरकत, उज्ज्वला ऐवळे, कारण इतर. बस एवढंच. आणि कारभाऱ्याला हरकत 'चुकून आलेली' म्हणून फेटाळता यायची. फेटाळली की नोंद पुसली जायची, जणू तिनं बटण दाबलंच नाही. राहू दिली, तर बेट थांबायचं आणि तारवाहिनीच्या नोकरानं ड्यूटीवर असताना बाजारात हात घातला ही नोंद कायमची व्हायची. बायकोवर माया असलेला माणूस काय करील?

तो फेटाळील. तिला वाचवायला फेटाळील, आणि भाई जाईल.

सेहेचाळीस वर्षांची बाई, पायात जड बूट, वर आग ओकणारं ऊन. सूतगोदामाच्या भिंतीला वळसा घालताना तिला घशात रक्ताची चव आली. दोन तेहतीस. लांबून खांब दिसला, खांबावर सिकंदर दिसला, पट्ट्याला रेलून दोन्ही हात तारेला लावलेला. ती ओरडली. आवाज फुटला नाही. आणखी थोडं पळाली, पुन्हा ओरडली.

"भाई, हात सोडा. सोडा हात."

त्यानं मान वळवली, हसला. ऐकू गेलं नव्हतं. काहीतरी चेष्टा करत असावा, ओठ हलले.

बेट सुरू झालं तर पहिली वर्दी मागांची येणार होती. गल्लीतले शेदीडशे माग चालू अवस्थेतच बंद पडले होते. वीज आली की ते एकदम खडखडणार. ती तो आवाज यायची वाट बघत पळत होती, आणि तो येऊ नये म्हणून जे जे देव आठवत होते त्यांना हाका मारत होती, त्यात भाईचे पीरही आले.

खांबापाशी पोचली तेव्हा तिला बोलता येईना. तिनं नुसते दोन्ही हात वर केले. सिकंदरनं तिचं तोंड बघितलं आणि तार सोडून दिली. तार खाली लोंबली.

फोनमध्ये दोन पस्तीस झाले. मग दोन छत्तीस.

गल्ली गप्प होती. कुठं एक माग हलला नाही.

गल्लीच्या आतून तानाजी अनवाणी पळत येत होता. हातात घरचा फ्यूज होता. खांबापासून दहा पावलांवर येऊन तो थबकला, कारण पुढं आला तर ते तारवाल्यांशी बोलणं झालं असतं. तो वर सिकंदरकडं बघत होता आणि उज्ज्वला त्याच्याकडं. तिला हुंदका आला. तो तिनं आवरला नाही.

"कुणी काय बोलणार हाय का न्हाई?" सिकंदर वरून म्हणाला. "का मी हितंच बसू?"

तेविसाव्या दिवशी सांगलीला पंच कार्यालयात सुनावणी झाली. पंच होत्या केतकी वर्तक, चष्मा लावणाऱ्या, बोलायला मऊ. त्यांनी सगळी कागदपत्रं वाचलेली होती आणि त्यांना या जोडप्याचं वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ऐवळे, तुम्ही हरकत फेटाळली का नाही?"

तानाजी उभा राहिला. "बाई, बावीस वर्सं संसार केलाय. ती चुकून काय दाबत न्हाई. तिचं नाव बगितलं आन् मला कळलं, कुणाचातरी जीव अडकलाय."

वर्तकबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं बोललात, तर नावावरून तुम्हाला माहिती पोचली असा अर्थ होतो. मग मला यांना कामावरून काढावं लागेल." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "इथं लिहा, पत्नीचं नाव पाहून मी गोंधळलो आणि फेटाळायचं राहून गेलं. हरकत चुकून दाबली गेली असं धरून मी फाइल बंद करते. दोघांना ताकीद, बाकी काही नाही."

तानाजीनं लगेच पेन घेतलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, पण या खोट्याला त्याला एक क्षणही लागला नाही.

"मॅडम," उज्ज्वला म्हणाली, "मग फिकट हिरव्याचं काय?"

"तो तारवाहिनीचा विषय. या फाइलीत येत नाही."

"कुठल्या फाइलीत येतो?"

वर्तकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अपघात झाला असता, तर अपघाताच्या फाइलीत आला असता."

उज्ज्वलानं हात लांब करून कागदावर पंजा ठेवला. तानाजीचं पेन तिच्या बोटांपाशी थांबलं.

"नोकरी जाईल," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"जाऊ दे."

ती हे सहज म्हणाली नाही. ती नोकरी तिचा जीव होती. खांबावर चढणारी बाई बघायला एकेकाळी गाव जमायचं, आणि ती वरून त्या गावाकडं बघायची. पण राज्यात त्या क्षणी किती वायरमन फिकट हिरवं बघून खांबावर चढत असतील, हे तिला मोजता येत नव्हतं, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाचे हात आधी फ्यूजकडं जाणार होते.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "फ्यूज मी आधी काढले, चूक माजी. पेट्या फिकट हुत्या, चूक कंपनीची. बटण मी दाबलं, ते चुकून न्हवं. ह्यानं वळखलं ते बी चुकून न्हवं."

निकाल आठ पानी आला. उत्तर न देणारी पेटी यापुढं लाल दिसेल. तुटलेल्या तारेला दोन्ही बाजूंनी अर्थिंग बंधनकारक. बेटाच्या हरकतीवर यापुढं नाव दिसणार नाही, कारण नाव हीसुद्धा माहिती आहे. उज्ज्वला ऐवळे कामावरून कमी. आणि शेवटच्या पानावर एक ओळ, जी तिनं दोनदा वाचली: सदर महिला आता व्यापारी कुटुंबातील सदस्य असल्यामुळं तारवाहिनीच्या कर्मचाऱ्यांनी कामावर असताना तिच्याशी संभाषण करू नये.

घरी पडदा उठला. तानाजी आता जेवताना तिला बॅटरीबद्दल इतकं सांगे, की तिला मिठाच्या गप्पा बऱ्या वाटू लागल्या. पण सिकंदरचा आवाज तिनं चार महिन्यांत ऐकला नव्हता. तो सुट्टीच्या दिवशी येऊ शकला असता; पण तारवाहिनीनं त्याला सुट्टीतही फोनवर हजर, म्हणजे कामावरच, धरलं होतं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी तिच्या दारासमोरच्या खांबाला शिडी लागली. तार कुरतडलेली होती. सिकंदर चढत होता, आणि त्याच्या जोडीला दिलेला नवा माणूस लांब डीपीपाशी होता. उज्ज्वला पायरीवर आली. त्यानं तिला पाहिलं आणि नजर वर फिरवली, कारण छातीवर आता लावलेला कंपनीचा कॅमेरा सगळं टिपत होता. एवढ्या वर्षांत त्याचं असं बंद तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिच्यावर आता कुणाचा हुकूम चालत नव्हता. ती मोठ्यानं म्हणाली, "भाई, दोनी बाजूंनी बांधलंय न्हवं?"

सिकंदरनं खिशातून हातमोजे काढले, ते नीट चढवले, आणि मग कॅमेऱ्याच्या मागं, पाठीवर हात नेऊन दोन बोटं दाखवली. बोटांबद्दल कायद्यात अजून काही आलेलं नव्हतं. तो खाली उतरेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली.